पोस्टिंग 'हा'

घरी फोनवर सांगितलं, "हाला पोस्टिंग आलंय." बायको म्हणाली, "हाला म्हणजे कोणाला?" गावाचं नावच 'हा'. पश्चिम भूतानमधलं खोरं, आणि तिथल्या जोंगमध्ये, म्हणजे किल्लेवजा मठात, इमट्रॅटचं, म्हणजे भारतीय लष्करी प्रशिक्षण पथकाचं मुख्यालय. १९६२ पासून हे पथक रॉयल भूतान आर्मीला प्रशिक्षण देतंय. मी २०११ च्या अखेरीस तिथे उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, म्हणून गेलो. नव्याने ऑर्डर आलेली पोरं विचारतात, त्यांच्यासाठी हे.

उत्तर बंगालमधल्या हासिमारा स्टेशनला गाडीतून उतरायचं, मग सीमेवरचं जयगाव. गेटपलीकडे भूतानमधलं फुन्शोलिंग, घड्याळ अर्धा तास पुढे. तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी मी जयगावातच टाकली. त्याच वर्षी चघळायच्या तंबाखूपायी एका भिक्खूला भूतानमध्ये तुरुंगात जावं लागलं होतं. आता कायदा सैल झालाय, तरी जाण्याआधी विचारून घ्या. पारोकडून जाताना चेलेला खिंड लागते, जवळजवळ चार हजार मीटर. पहिला आठवडा धावायची हौस करू नका.

पथक तिथेच का, हे नकाशा बघितला की कळतं. डोंगरापलीकडे तिबेटचं चुंबी खोरं. २०१७ ला गाजलेलं डोकलाम याच जिल्ह्याच्या टोकाला. तिबेट चीनच्या ताब्यात गेल्यावर भूतानला आधुनिक सैन्य उभं करायची निकड वाटली आणि आपण मदतीला गेलो. पण सैन्य त्यांचं, राजा त्यांचा. आपण पाहुणे. हे मला जरा उशिरा समजलं.

सेक्शन अटॅकचा, म्हणजे छोट्या तुकडीने हल्ला करण्याचा, धडा होता. सँड मॉडेलपुढे, म्हणजे वाळूत मांडलेल्या नकाशापुढे, त्यांचा एक हवालदार शिकवत होता आणि कव्हरिंग फायरची, म्हणजे पुढे जाणाऱ्यांना आड देणाऱ्या गोळीबाराची, जागा चुकला. मी सवयीने सगळ्यांदेखत ओरडलो. तो गप्प राहिला, मुलं खाली मान घालून बसली. संध्याकाळी आमचे सुभेदारसाहेब एवढंच म्हणाले, "तुला माहितीये, २००३ च्या डिसेंबरात तो कुठे होता?" भूतानच्या सैन्याने दक्षिणेच्या जंगलातले उल्फा, एनडीएफबी आणि केएलओ या भारतातल्या बंडखोर संघटनांचे तळ उठवले होते, त्या कारवाईत. मी सकाळी जाऊन माफी मागितली. तो हसला, "ठीक आहे ला." वाक्यामागे 'ला' लावणं म्हणजे आपला 'जी', तुम्हीही लावायला शिका.

त्यानंतर मी पद्धत बदलली. धडा त्याने घ्यायचा, मी मागच्या बाकावर, चूक दिसली तर चहाच्या वेळी बोलायचं. हिंदी बहुतेकांना कळते, पण पाठांतरावर विसंबू नका, "समजलं का?" विचारलं की सगळे हो म्हणतात. त्यापेक्षा काठी त्यांच्या हातात द्या आणि मॉडेलवर करून दाखवायला लावा.

तिथले बरेच अधिकारी डेहराडून किंवा खडकवासल्याला शिकलेले असतात. एक लेफ्टनंट मला म्हणाला, "उस्ताद, मी सिंहगड चढलोय, पिठलं-भाकरी खाल्लीय." त्या थंडीत हे ऐकून माझे डोळे पाणावले, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या हिवाळ्यात त्या हवालदाराने अख्खा कोर्स एकट्याने घेतला. मला कोणी काही विचारलंच नाही. मागे बसून मी सुजा पीत होतो, लोण्या-मिठाचा चहा. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं. आणि कप रिकामा दिसला की लगेच भरतात; नको असेल तर वर तळहात धरा.