नेट चालंना झालंय? केबलवाल्याला फोन लावायच्या आधी एवढं बघा

पुण्या-मुंबईच्या कंपनीचं काम सांगलीच्या विश्रामबागेत घरी बसून करणारे आता गल्लोगल्ली आहेत, आणि मीटिंग अडकली की सगळ्यांचं ठरलेलं, राउटर बंद-चालू करायचा, मग केबलवाल्याला फोन, तो म्हणणार इकडनं सगळं ओके दाखवतंय, मग वैतागून मोठा प्लॅन घ्यायचा. प्लॅन वाढवून बहुतेक वेळा काही होत नाही हे आधीच सांगतो. व्हिडिओ कॉलला चार-पाच एमबीपीएस पुरतात, शंभरच्या प्लॅनवर कॉल तुटत असेल तर स्पीड कमी नाही, मधे कुठंतरी गळतंय. ते घरात गळतंय का घराबाहेर, एवढं आधी ठरवायचं.

त्याला कसलं ॲप लागत नाही. विंडोजचं बटण आणि आर दाबा, सीएमडी (cmd) टाइप करून एंटर मारा, काळी खिडकी उघडेल. तिथं आधी आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करून डिफॉल्ट गेटवेसमोरचा नंबर बघा, तो तुमच्या राउटरचा पत्ता, बहुतेक घरात १९२.१६८.१.१ किंवा तसलाच काहीतरी असतोय. मग पिंग (ping), स्पेस, तो नंबर, स्पेस, डॅश टी (-t) आणि एंटर. पिंग म्हणजे त्या पत्त्याला बारकी हाक मारायची आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजायचं. दुसरी काळी खिडकी उघडून तिथं राउटरच्या नंबराऐवजी ८.८.८.८ टाका, हा गूगलचा सर्व्हर आहे, घराबाहेरचा. दोन्ही शेजारी शेजारी चालू ठेवा आणि आपलं काम करत बसा. नेट अडकलं की लगेच दोन्हीकडं बघायचं. थांबवायला कंट्रोल सी, मग किती पॅकेट (म्हणजे हाका) हरवली ते खाली येतंय.

राउटरचं पिंग वायरवर एक मिलिसेकंदाच्या आत आणि वायफायवर दोन-पाचच्या आसपास राहायला पाहिजे. तेच जर मधेच दोनशे-चारशेवर उडत असेल किंवा रिक्वेस्ट टाइम्ड आऊट येत असेल तर केबलवाल्याचा काही संबंध नाही, भानगड घरातली आहे. राउटरचं पिंग एकदम शांत आणि ८.८.८.८ चं तेवढं नाचतंय, तर बहुतेक वेळा बाहेरची. आणि दोन्ही शांत असून पण ब्राउझर रडत असेल तर कॉम्प्युटरकडं बघा.

घरातली भानगड म्हणजे बहुतेक वेळा वायफाय. गावभागातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती असूदे नाहीतर नवीन फ्लॅटचा स्लॅब, वायफायचे दोन बँड असतात, त्यातलं ५ गीगाहर्ट्झ त्यातनं पलीकडं जाईना होतंय, आणि २.४ जातंय पण त्यावर शेजारपाजारचे सगळे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह असा सगळा बाजार भरलेला असतोय. राउटर टीव्हीच्या मागं नाहीतर लोखंडी कपाटाशेजारी ठेवला असेल तर आधी तो उघड्यावर, उंचावर घ्या. राउटरच्या पेजवर (लॉगिन डब्याच्या खाली स्टिकरवर असतंय) दोन बँडना वेगळी नावं द्या म्हणजे आपण नेमकं कशावर आहोत ते कळतंय, त्याच खोलीत असाल तर ५ वरच बसा. २.४ ला चॅनल ऑटोवरनं काढून १, ६ किंवा ११ यातला कमी गर्दीचा लावा, मधले ३-४ लावू नका, ते दोन्हीकडच्यांशी भांडतात. आणि एक कुणी सांगत नाही ते सांगतो, यूएसबी ३ ची हार्डडिस्क लॅपटॉपला लावली की २.४ च्या वायफायवर गोंगाट होतोय, विशेष करून वायफायचा डोंगल तिच्या शेजारच्याच पोर्टमधे असला तर. काढून बघा.

लॅपटॉप थोडा वेळ पडून राहिला की नेट सुटतंय अशी तक्रार असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधे नेटवर्क ॲडॅप्टरवर डबल क्लिक, पॉवर मॅनेजमेंट, तिथं वीज वाचवायला डिव्हाइस बंद करायची परवानगी दिलेली असते, ती टिक काढा. ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्याच साइटवरनं घ्या, ते ड्रायव्हर अपडेटर नावाचे फुकटे प्रोग्रॅम अजिबात नको.

खरा इलाज म्हणाल तर वायर. राउटरपासनं लॅपटॉपपर्यंत कॅट ५ई ची (नेटवर्कची) साधी वायर टाका आणि विषय मिटवा. फक्त वायर लावून पण स्पीड चौऱ्याण्णव-पंच्याण्णववरच अडकला तर समजायचं की लिंक १०० ची लागली आहे. गीगाबिटला आतल्या आठही तारा लागतात, शंभरला चारच पुरतात, त्यामुळं टोकाला एक तार नीट बसली नसली तरी नेट चालतंय पण शंभरवर येऊन. टोक परत क्रिंप करून (कनेक्टर नवीन दाबून बसवून) घ्या. राउटरचा पोर्टच शंभरचा असला तर मात्र इलाज नाही. आणि शंभरच्या प्लॅनवर डाउनलोड बारा दाखवतोय म्हणून भांडायला जाऊ नका, प्लॅन मेगाबिटमधे आणि डाउनलोड मेगाबाइटमधे, आठनं भागायचं.

आता बाहेरचं. डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागला असेल तर फायबरमधनं उजेडच येत नाही, मग सेटिंगमधे काही खेळू नका. घरातली पिवळी वायर कुठं दुमडली आहे का, सोफ्याखाली चेपली आहे का बघा, ती काचेची असते, जास्त वाकली की सिग्नल पडतोय. टोक काढून फुंकू नका आणि त्यात डोळा लावून बघू तर अजिबात नका, लेझर दिसत नाही पण असतोय. घरातलं ठीक असेल तर रस्त्यावर बघा. आपल्याकडं गळीत हंगामात वरपर्यंत ऊस भरलेली ट्रॉली खाली लोंबणारी केबल ओढून नेते, गणपतीत उंच मूर्ती जाताना वायरी उचलल्या जातात, आणि जेसीबी तर बारमाही आहेच.

लाल दिवा नाही पण नेट अधूनमधून जातंय, तर राउटरच्या पेजवर आरएक्स पॉवर शोधा, म्हणजे फायबरमधनं डब्यापर्यंत किती उजेड पोचतोय त्याचा आकडा. उणे वीसच्या आसपास असेल तर मस्त, उणे पंचवीसला काठावर, उणे सत्तावीसच्या खाली गेलं की डबा धडपडणारच. तीन डेसिबल पडले की उजेड निम्मा होतो, त्यामुळं आकडा आधी एकवीस होता आणि आता चोवीस झालाय हे सुद्धा केबलवाल्याला सांगण्यासारखं आहे. पाऊस झाला की आकडा पडतोय म्हणजे कुठल्यातरी जोडाच्या डब्यात पाणी जातंय.

त्याच पेजवर अपटाइम असतोय तो पण बघा. नेट गेल्यावर अपटाइम दोन मिनिटं दाखवत असेल तर नेट गेलं नव्हतं, डबा स्वतःच बंद होऊन चालू झालाय, म्हणजे लाईटचा झटका किंवा ॲडॅप्टर म्हातारा झाला. बारा व्होल्टचा असेल तर तेवढ्याच व्होल्ट-अँपिअरचा नवीन घ्या, किंवा राउटरचा छोटा यूपीएस. घरात इन्व्हर्टर असून लाईट गेली की नेट जातंय म्हणजे बहुतेक केबलवाल्याच्या नोडवर (जिथनं गल्लीत लाईन वाटली जाते तिथं) बॅकअप नाही, त्याला आपण काय करणार, जाब विचारायचा.

फक्त रात्री आठ ते अकरा ८.८.८.८ चं पिंग चढतंय आणि दुपारी सगळं गुळगुळीत, तर गर्दी त्यांच्या लाईनवर आहे. महिन्याच्या शेवटालाच स्लो होत असेल तर एफयूपी (पूर्ण स्पीडनं वापरायचा ठरलेला डेटा) संपला का ते बघा. तक्रार करताना नेट स्लो आहे एवढं म्हणू नका, राउटरचं पिंग ठीक, बाहेरचं अमुक वेळेत एवढं, आरएक्स पॉवर एवढी, असं स्क्रीनशॉटसकट द्या आणि तक्रारीचा नंबर घ्या. ट्राय (सरकारी दूरसंचार नियामक) एकट्यादुकट्याची तक्रार घेत नाही, नंबर असला की कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडं जाता येतंय.

राहिला कॉम्प्युटर. टास्क मॅनेजर उघडून नेटवर्कच्या कॉलमवर क्लिक करा, कोण खातंय ते वर येईल, वनड्राइव्ह, विंडोज अपडेट, गेमचं अपडेट. अपलोड विसरू नका, घरातल्या कुणाच्या मोबाइलचे लग्नाचे फोटो क्लाउडवर चढायला लागले आणि अपलोड भरलं की डाउनलोड पण लंगडतंय. साइट उघडायलाच वेळ लागतोय पण उघडली की पटपट चालते, तर डीएनएस (साइटच्या नावावरनं तिचा नंबर शोधून देणारा सर्व्हर) बदला, ॲडॅप्टरच्या आयपीव्ही४ सेटिंगमधे १.१.१.१ आणि ८.८.८.८ टाका. ऑफिसचा व्हीपीएन चालू असतानाच स्लो असेल तर आयटीवाल्यांना गाठा, केबलवाला बिचारा काही करू शकत नाही. हे सगळं करून पण हललं नाही तर सेटिंग्जमधलं नेटवर्क रीसेट, पण त्यानं वायफायचे पासवर्ड, टाकलेला डीएनएस सगळं उडतंय आणि व्हीपीएन परत बसवायला लागू शकतोय, आधी लिहून ठेवा आणि चालू मीटिंगमधे तर अजिबात दाबू नका.