किट कारची दारं बसवताना या चुका टाळा

किट कार, म्हणजे सुट्या भागांचा संच आणून घरीच जोडायची गाडी. ती बांधणाऱ्याचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "दार बसत नाहीये, बिजागऱ्या बहुतेक चुकीच्या आल्यात." बिजागऱ्या क्वचितच चुकीच्या असतात. इथे इंग्लंडात, मिडलंड्समध्ये, ओळखीच्या मंडळींच्या गॅरेजात जाऊन मी बरीच वर्षं ही दारं बघतोय. त्यात मराठी मंडळीही बरीच. कोणी सॉफ्टवेअरमधला, कोणी हॉस्पिटलातला. हौस दांडगी, हातही चांगले, पण सगळ्यांना गाडी पुढच्या शनिवारी रस्त्यावर हवी असते. दाराची वाकडी फट बघून हळहळतात, आणि ती ज्या कामामुळे वाकडी झाली ते काम महिन्यापूर्वी घाईघाईने उरकलेलं असतं.

खालचं बहुतेक सगळं कोब्रा रेप्लिकाबद्दल आहे: १९६२च्या एसी कोब्रा या स्पोर्ट्सकारच्या धर्तीची फायबरग्लास बॉडी आणि तिच्याखाली स्टीलच्या नळ्यांची चासी. मूळ गाड्यांची बॉडी ॲल्युमिनियमची, हाताने ठोकलेली असायची. तेव्हा रेप्लिकाच्या साच्यातही डावी-उजवी बाजू तंतोतंत जुळेल या भरवशावर राहू नका. डाव्या दाराची मापं घेऊन उजवं कापणारे मी पाहिलेत.

दारं लावण्याआधीच बॉडी आवळून टाकणं

ही माझ्या यादीतली सगळ्यात महागडी चूक. बॉडी ट्रेलरवरून उतरते, चार मित्र मिळून ती चासीवर ठेवतात आणि एकदम गाडी दिसायला लागते. फोटो काढून ग्रुपवर टाकायचा मोह कोणाला होत नाही? मग त्याच संध्याकाळी सगळी भोकं पाडून बोल्ट आवळले जातात. दारं अजून खोक्यातच असतात.

कोब्रा उघडी गाडी आहे, तिला छप्पर नाही. म्हणजे दाराच्या चौकटीला वरची बाजूच नाही. पुढचा भाग आणि मागचा भाग खालच्या अरुंद उंबऱ्याने काय ते जोडलेले. अख्ख्या बॉडीत सगळ्यात लवचीक जागा हीच. शिवाय पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना आकसतं आणि साच्यातून काढल्यावरही काही दिवस थोडं थोडं हलत राहतं. बॉडी आठवडाभर अंगणात वेड्यावाकड्या ठोकळ्यांवर पडून राहिली असेल, तर तो बाकही ती धरून ठेवते. अशी बॉडी बोल्टने आवळली की चौकट ज्या आकारात असेल त्याच आकारात पक्की होते, आणि नंतर सगळा दोष बिचाऱ्या दारावर जातो.

एक डॉक्टर आहेत, मूळचे साताऱ्याचे. मन लावून, स्वच्छ काम करणारा माणूस. त्यांनी बॉडी बसवली, दारं लावली, सगळीकडे एकसारखी फट. फट मोजतानाचा फोटोही पाठवला, आणि खरंच वाखाणण्यासारखं काम होतं. फक्त हे सगळं करताना गाडी चासीच्या मधोमध लावलेल्या स्टँडवर उभी होती, आणि इंजिन यायचं होतं. त्यांनी गाडी गडद निळी रंगवून घेतली. मग इंजिन आलं, गिअरबॉक्स चढला, चाकं लागली, गाडी जमिनीवर आली. डॉक्टर आणि वहिनी आत बसले, फेरी झाली. उतरताना ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडेना. जोर लावला तेव्हा उघडलं, पण वरच्या मागच्या कोपऱ्यातला रंग नखाएवढा उडून खालचा जेलकोट (फायबरग्लासवरचा गुळगुळीत रेझिनचा थर) दिसायला लागला.

"अहो, रंगवायच्या आधी तर सुरेख उघडत होतं!" हे मला फोनवर किमान तीनदा ऐकावं लागलं.

झालं होतं ते सरळ आहे. स्टँड मधोमध असताना चासीची दोन्ही टोकं किंचित खाली झुकलेली असतात, त्यामुळे चौकटीचं वरचं तोंड उघडं राहतं. चाकांवर उभी केली की आधार दोन टोकांना जातो, आणि मध्ये व्ही-८ इंजिन, गिअरबॉक्स आणि दोन माणसं. चासी मधे दबते, चौकटीचं तोंड वरून मिटतं आणि दाराचा वरचा मागचा कोपरा बॉडीला घासतो. फरक दोन-तीन मिलिमीटरचा, पण फटच मुळी चार-पाचची, त्यात तो फार होतो.

डॉक्टरांना तेवढाच कोपरा कानशीने घासून टाकायचा होता. मी नको म्हटलं. घासला असता तर वर फट रुंद, खाली चिंचोळी, आणि ती वाकडी फट गडद निळ्या रंगात पंधरा फुटांवरून दिसली असती. बॉडीचे सगळे बोल्ट सैल केले, दाराच्या पुढच्या आणि मागच्या खांबाखाली पॅकिंग सरकवून बॉडी मधोमध उचलली. एकेक मिलिमीटरच्या पत्र्या घालत गेलो तसं चौकटीचं तोंड डोळ्यांदेखत उघडत गेलं. दार सुटलं. रंगाचा खर्च मात्र पुन्हा झालाच, कारण एकटं दार रंगवून जुळत नाही, मागचा मडगार्डही त्याच्याबरोबर करावा लागतो. शेवटी डॉक्टर म्हणाले, "गुडघ्याचा एक्स-रे पेशंटला उभं करून काढतो आम्ही. हे मला सुचायला हवं होतं."

माझी पद्धत अशी. गाडी स्वतःच्या चाकांवर, टायरमध्ये पूर्ण हवा, जमीन पाणसळ लावून तपासलेली. इंजिन-गिअरबॉक्स जागेवर. अजून आले नसतील तर तेवढ्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या इंजिनच्या माउंटवर पेलतील अशा फळीवर. दोन्ही सीटांवर वीस-वीस किलोच्या तांदळाच्या गोण्या, माणसाचं वजन भरेल इतक्या. (घरचे हसतात. हसू द्या, तांदूळ वाया जात नाही.) जॅकवरून उतरवल्यावर गाडी दोन-चार वेळा मागेपुढे ढकलायची, नाहीतर सस्पेन्शन वरच अडकून राहतं आणि तुम्ही खोट्या उंचीवर मोजमाप करत बसता. मग बॉडी सैल ठेवून चौकटीचे कर्ण मोजायचे, दारं लावायची, पॅकिंग घालायचं. बोल्ट सगळ्यात शेवटी, तेही एका फेरीत पूर्ण आवळायचे नाहीत. प्रत्येक फेरीनंतर दार उघडून बघायचं. कंटाळवाणं काम आहे. ज्याला कंटाळा येतो त्याने तयार गाडी विकत घ्यावी.

फट दिसली की ग्राइंडर उचलणं

दुसरी चूक मला पहिलीपेक्षा जास्त चीड आणते, कारण ती निव्वळ अधीरपणाची असते. दार घासतंय? कर ग्राइंडर सुरू. फायबरग्लासचं दार म्हणजे बाहेरची एक त्वचा आणि आतली एक, दोन्ही कडेला एकमेकींना चिकटवलेल्या. कड तीन-चार मिलिमीटर खाल्लीत की त्या चिकटवलेल्या सांध्याचं तोंड उघडतं. मग त्यात पाणी शिरतं, दार आपटलं की कड उकलते, आणि वर भरलेली पुट्टी खपलीसारखी निघते. भरीला ती काचेची धूळ. मास्क न लावता हे करणाऱ्याशी मी बोलणंच थांबवतो.

आधी शोधा की फट नेमकी कुठे कमी आहे. पुढे खाली आणि मागे वर एकाच वेळी घासत असेल तर दार फिरलेलं आहे, त्याचं उत्तर बिजागरीत आहे. खालच्या कडेला एकसारखं घासत असेल तर दार खाली बसलंय. सगळीकडून घासत असेल तरच दार मोठं आहे, आणि असं फार कमी वेळा असतं. मी स्ट्रायकर (दाराचा लॅच, म्हणजे खटका, जिच्यात अडकतो ती खांबावरची खुंटी) काढून ठेवतो आणि फक्त बिजागऱ्यांवर दार जुळवतो: आधी उंची, मग आत-बाहेर. हे मनासारखं झाल्याशिवाय लॅचला हात लावत नाही. स्ट्रायकर वर सरकवून लोंबणारं दार उचलणारे लोक आहेत. लावलेलं दार छान दिसतं, उघडलं की लटकन खाली येतं, आणि सहा महिन्यांत लॅच खलास.

घासायचंच असेल तर लाकडी पट्टीला ८० नंबरचा पेपर गुंडाळून हाताने. वेळ लागतो, म्हणूनच जास्त खाल्लं जात नाही. कड वाढवायची असेल तर समोरच्या कडेला पार्सलची तपकिरी टेप चिकटवा (रेझिन तिला धरत नाही), फटीत पाच मिलिमीटरची ॲक्रिलिकची पट्टी उभी करा, आणि रेझिनमध्ये काचतंतू मिसळून कड त्या पट्टीपर्यंत बांधून काढा. नुसती पुट्टी कडेला टिकत नाही, कितीही महाग आणा. रंगाआधी मी पाच मिलिमीटर ठेवतो, आपल्या सुताराच्या भाषेत दीड सूत. प्रायमर, रंग, लॅकर दोन्ही कडांवर चढतात आणि फट थोडी आवळते. आधीच साडेतीन ठेवून "फॅक्टरीसारखी फट" मिरवणाऱ्यांची दारं रंगानंतर कुरकुरतात.

इथेच आपल्याकडची एक सवय नडते. पुण्या-मुंबईत फियाट किंवा ॲम्बेसेडरचं दार लोंबलं की डेंटिंगवाला बिजागरीत लाकडाचा तुकडा अडकवायचा, दार खांद्याने रेटायचा आणि दार जागेवर. पत्रा वाकतो आणि वाकलेला राहतो, म्हणून ते चालायचं. फायबरग्लास तसं वाकत नाही. थोडं रेटलंत तर परत पहिल्या जागी येतं, जास्त रेटलंत तर बिजागरीच्या बोल्टाभोवती जेलकोटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. त्या भेगा आज रंगाखाली झाकल्या तरी उन्हाळ्यात पुन्हा वर येतात. बिजागरीच्या मागे स्टीलची पट्टी रेझिनमध्ये गाडलेली नसेल तर आधी ती गाडा. नुसत्या फायबरग्लासमध्ये पत्र्याचे स्क्रू पिळून दार लटकवणाऱ्याला मी काही सांगत नाही, दारच सांगतं.

बाकीचं थोडक्यात.

रबर सील शेवटी लावायचं ठरवू नका. नवं रबर कडक असतं, ते दाराला बाहेर ढकलतं आणि तुमची सगळी जुळवाजुळव पाण्यात जाते. रंगाआधी एकदा सीलसकट दार लावून बघा. लॅचला दोन टप्पे असतात, अर्धवट आणि पूर्ण, आणि इथल्या आयव्हीए तपासणीतही (घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधीची सरकारी तपासणी) ते बघतात. सील जाड असेल तर दार पहिल्याच टप्प्यावर अडकतं, आणि आवाज आला म्हणून लागलं असं तुम्ही समजता.

आयव्हीएचा विषय निघालाच आहे तर कडांचंही बघा. १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा बाहेरून जिथे टेकू शकतो, तिथल्या कडा किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येने गोल हव्यात. बॉनेटचा स्कूप, चाकांच्या कमानी, आरशाची दांडी या सगळ्यांकडे रंगानंतर बघू नका.

जेलकोटमध्ये भोक पाडताना आधी मास्किंग टेप लावा, ड्रिल उलटं फिरवून जेलकोट खरवडा, मग सुलट. बोल्टाचं भोक थोडं सैल ठेवा.

साच्याचं मेण धुतल्याशिवाय प्रायमर मारू नका. आधी मेण काढणाऱ्या सॉल्व्हंटने पुसा, मग घासा. उलट क्रमाने केलंत तर मेण ओरखड्यांत जाऊन बसतं आणि रंगाला माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

जानेवारीत थंडगार गॅरेजमध्ये रेझिन लावू नका. १५ अंशांखाली ते नीट घट्ट होत नाही, आणि हार्डनर दुप्पट घालणं हा त्यावरचा उपाय नव्हे. हीटर लावा, नाहीतर मार्चची वाट बघा.

लोटस सेव्हन या छोट्या, उघड्या स्पोर्ट्सकारच्या धर्तीची गाडी बांधत असाल तर दारांची कटकट जवळजवळ नाहीच, पण ॲल्युमिनियमचे पत्रे आहेत. पहिला रिव्हेट कोपऱ्यात मारला की शेवटच्या कोपऱ्यात पत्रा फुगलेला मिळतो. आधी सगळा पत्रा स्किन पिनांनी (भोकांत घालून पत्रा तात्पुरता धरणाऱ्या पिना) धरा, मग मधून बाहेर जा. ३.२च्या रिव्हेटला ३.३चं ड्रिल. ॲल्युमिनियम आणि स्टीलच्या मध्ये सीलंटचा सलग थर हवाच. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि उघड्या सांध्यात ते शिरलं की रिव्हेटभोवती पांढरी भुकटी यायला लागते.

आणि दाराच्या तळाला पाणी जायची भोकं. रंगाआधी पाडा, रंगानंतर ती पुट्टीने बुजली नाहीत ना हे तारेने तपासा. पावसानंतर वळणावर दारातून डुचमळल्याचा आवाज आला तर दुसरं काही शोधत बसू नका.