गावरान भाज्यांचं पुस्तक घेताना

दादरला किंवा फोर्टात गावरान भाज्यांच्या लागवडीचं पुस्तक हाती लागलं, तर रंगीत फोटोंवर भाळू नका. आधी बी राखण्याचं प्रकरण उघडा. वांग्याचं बी कोवळ्या वांग्यातून मिळत नाही, फळ झाडावरच पिवळं पडून निबर व्हावं लागतं. टोमॅटोचा गर दोन-तीन दिवस आंबवून धुतला की बियांवरचा बुळबुळीत थर सुटतो. इतक्या बारकाईने लिहिलेलं पुस्तक खुशाल घ्या. दुधी-भोपळ्यासारख्या वेलींचं परागीभवन हाताने कसं करायचं, हेही त्यात हवंच, नाहीतर शेजारच्या गच्चीवरच्या दुसऱ्या जातीशी संकर होऊन पुढच्या वर्षी भलतंच फळ धरतं.

परदेशी पुस्तकांतलं वेळापत्रक मात्र बाजूला ठेवा. ते हिमतुषार संपण्यावर बेतलेलं असतं, आपलं गणित पावसावर. टोमॅटोचं बी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरताना टाकावं.

बी साठवण्याचा सल्लाही मुंबईच्या दमट हवेशी ताडून पाहा. कागदी पाकीट इथे पुरत नाही. सावलीत खडखडीत वाळवलेलं बी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा आणि बरणीवर जात नि महिना लिहा.