टोफिनोला बोटीतून अस्वलं पाहायचीत? या चुका टाळा

पहिल्या वेळी आम्ही सोयीची वेळ बघून बोट ठरवली. आई-बाबा पुण्याहून आले होते, म्हटलं निवांत जेवू आणि एकची फेरी घेऊ. दोन तास फिरलो. भरतीचं पाणी थेट झाडांच्या मुळांना टेकलं होतं, किनारा म्हणून काही उरलाच नव्हता. अस्वल एकही दिसलं नाही. बाबा परतताना काही बोलले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

कॅनडात व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर टोफिनो आहे. एप्रिल ते ऑक्टोबर इथली काळी अस्वलं ओहोटीला जंगलातून खाली उतरतात आणि उघड्या पडलेल्या दगडांखालचे खेकडे खातात. कोकणात खडपात खेकडे धरायला गेलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. म्हणून आधी भरती-ओहोटीचा तक्ता उघडा, मग बोट ठरवा, सुट्टी आणि हॉटेल त्यानंतर. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे शनिवारी मित्राला साधलेली वेळ पुढच्या शनिवारी तुमच्या उपयोगाची नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप खाली जातं, पण उन्हाळ्यात ही मोठी ओहोटी बहुधा सकाळी लवकर येते. तक्त्यातली वेळ प्रमाणवेळ आहे की उन्हाळी (तासभर पुढची), हेही तपासा. तासाभराचा घोळ इथेच होतो.

यातूनच दुसरी चूक निघते: व्हँकुव्हर शहरातून (ते बेटावर नाही, मुख्य भूमीवर आहे) एका दिवसात जाऊन येण्याचा बेत. शहराजवळच्या हॉर्सशू बेहून बेटावरच्या नानाइमोला गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने पावणेदोन तास धरा, पुढे गाडीने किमान तीन. रस्ता एकच, हायवे ४. जून २०२३ मध्ये वणव्यामुळे तो बरेच दिवस बंद होता. आदल्या रात्री टोफिनोत मुक्काम करा. लाँग वीकेंड असेल तर फेरीबोटीत गाडीची जागा आधीच राखून ठेवा.

ग्रिझलीच्या, म्हणजे मोठ्या तपकिरी अस्वलाच्या आशेने मात्र इथे येऊ नका. या बेटावर वस्ती काळ्या अस्वलांची. ग्रिझलीसाठी मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर जा: मे-जूनमध्ये प्रिन्स रूपर्ट गावाहून खुट्झेमटीनला, नाहीतर सप्टेंबरात साल्मन मासे नदीत चढतात तेव्हा नाइट इनलेट या खाडीत. तो खर्च आणि तो प्रवास वेगळाच.

बोट निवडताना घरच्या मोठ्यांचा विचार करा. उघड्या झोडिअॅकमध्ये, म्हणजे हवा भरलेल्या रबरी बोटीत, पाठीला धक्के बसतात. ज्यांना कंबरेचा किंवा गुडघ्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी बंद केबिनची बोट घ्या, आणि गरोदर बाईने झोडिअॅकमध्ये बसूच नये. अस्वलांच्या फेऱ्या खाडीच्या शांत पाण्यात होतात, व्हेल पाहायला जातात तशा खुल्या समुद्रात नाहीत, तरी वारा गार असतो. ऑगस्टमध्ये धुकं इतकं असतं की स्थानिक लोक त्या महिन्याला 'फॉगस्ट' म्हणतात. टोपी आणि स्वेटर हवाच. दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी) पुरते. जास्त ताकदीची घेतली तर हलत्या बोटीत चित्र स्थिर राहत नाही.

दुसऱ्या खेपेला सकाळी साडेसहाला निघालो. इंजिन बंद झालं आणि आधी आवाज आला, दगडावर दगड घासल्याचा. मग दिसलं: एका पंजाने परातीएवढा दगड उलथायचा, खाली जिभेने चाटून घ्यायचं, पुढच्या दगडाकडे वळायचं. आईने माझा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

अशा वेळी ओरडू नका, उभे राहू नका, आणि फळाची साल किंवा उरलेला खाऊ पाण्यात टाकू नका. माणसाच्या अन्नाला चटावलेलं अस्वल पुढे वस्तीत शिरतं आणि अनेकदा त्याला मारावं लागतं. 'अजून जवळ घ्या' असा आग्रह नावाड्याला करू नका. अस्वलाने खाणं थांबवून मान वर केली आणि आपल्याकडेच बघत राहिलं, तर आपण फार जवळ आलोय. बोट मागे घ्यायला सांगा.