ओव्हरड्राफ्टचे गृहकर्ज: पैसे खात्यात ठेवायचे की कर्ज फेडून मोकळे व्हायचे?

स्टेट बँकेच्या मॅक्सगेनसारख्या गृहकर्जात कर्जखातेच ओव्हरड्राफ्ट खाते असते. ४० लाखांच्या कर्जात ५ लाख जादा भरून ठेवले, की रोजच्या शिलकेवर हिशेब होऊन व्याज ३५ लाखांवरच लागते, आणि अडीनडीला ते ५ लाख काढता येतात. बँक ऑफ बडोदाच्या होम लोन अॅडव्हांटेजमध्ये बचत खाते कर्जाला जोडतात, फायदा त्याच जातीचा.

ठेवलेला रुपया आणि फेडलेला रुपया व्याज सारखेच वाचवतात. फरक एवढाच, की ठेवलेला परत काढता येतो आणि फेडलेला येत नाही. म्हणून निर्णय व्याजाचा कमी आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत हे पैसे लागतील का, याचा जास्त आहे.

आधी आकडे मांडा. कर्जाचा दर ८.५ टक्के धरला तर ५ लाखांवर वर्षाला ४२,५०० रुपये व्याज वाचते. तेच पैसे ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत घातले तर ३५,००० मिळतील, पण ३० टक्क्यांच्या कर-टप्प्यात उपकरासह १०,९२० रुपये कर जाऊन हातात २४,०८० उरतील. वाचलेल्या व्याजावर कर नसतो. मुदत ठेवीने बरोबरी साधायची तर तिला १२.३ टक्क्यांच्या वर व्याज द्यावे लागेल.

जुन्या करप्रणालीत मात्र एक गाठ आहे. राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते. ८.५ टक्क्यांनी २ लाख व्याज साधारण साडेतेवीस लाखांवर होते. ठेवलेली रक्कम वजा जाता कर्ज त्याच्या खाली उतरले, की वाचलेल्या प्रत्येक रुपयासोबत वजावटही कमी होते आणि खरा फायदा ८.५ वरून ५.८५ टक्क्यांवर येतो. नवरा-बायको दोघेही मालक आणि सहकर्जदार असतील तर दोघांना वेगळी वजावट मिळते, म्हणून ही रेषा ४७ लाखांवर जाते. नव्या करप्रणालीत राहत्या घराला ही वजावटच नाही, तेव्हा पूर्ण ८.५ धरा. आणि खात्यात नुसती ठेवलेली रक्कम मुद्दलफेडीच्या वजावटीत दाखवू नका, ती फेड नव्हे.

ओव्हरड्राफ्टचा दर साध्या कर्जापेक्षा जास्त असेल तर तोही तपासा. पाव टक्का जास्त म्हणजे ४० लाखांवर वर्षाला १०,००० रुपये. वरच्या मुदत ठेवीशी तुलना केली तर हा खर्च भरून निघायला वर्षभर सरासरी अडीच लाखांच्या आसपास शिल्लक खात्यात राहिली पाहिजे. पगार आला आणि दहा तारखेपर्यंत संपला, अशी स्थिती असेल तर साधे कर्ज घ्या आणि जमेल तेव्हा अंशतः फेड करा. फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही.

साध्या कर्जात अंशतः फेड करताना अर्जावर ‘हप्ता तोच, मुदत कमी’ असे स्पष्ट लिहा. ४० लाख, २० वर्षे, हप्ता ३४,७१३. सुरुवातीलाच ५ लाख भरले आणि हप्ता तोच ठेवला तर कर्ज सुमारे ६२ महिने आधी संपते आणि दर न बदलल्यास १६ लाखांहून जास्त व्याज वाचते. हप्ता कमी करून घेतला तर तो ३०,३७४ वर येतो, पण कर्ज पूर्ण २० वर्षे चालते.

फेडीचा क्रमही पाळा. क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि वैयक्तिक कर्ज आधी संपवा. सहा महिन्यांचा घरखर्च ओव्हरड्राफ्टमध्ये ठेवला तरी चालेल, पण त्यातला एक-दोन महिन्यांचा दुसऱ्या बँकेत असू द्या, कारण काढण्याची मर्यादा बँक गोठवू शकते. दर महिन्याला हप्त्यातल्या मुद्दलाइतकी ही मर्यादा खाली येते, तेव्हा ‘उपलब्ध रक्कम’ दर सहा महिन्यांनी विवरणपत्रात पाहा. भविष्य निर्वाह निधी मोडून गृहकर्ज फेडू नका. ८.२५ टक्के करमुक्त व्याज आणि ८.५ टक्क्यांचे कर्ज यांत तसा फरक नाही.

सर्वांत जास्त घात होतो तो डेबिट कार्डाने. खात्यात ‘८ लाख उपलब्ध’ दिसले की गाडी, सहल, समारंभ सगळे परवडते असे वाटू लागते. ती शिल्लक नाही, ते ८.५ टक्क्यांनी मिळणारे कर्ज आहे. कार्ड घरी ठेवा आणि या खात्याला यूपीआय जोडू नका.

मग कर्ज पूर्ण कधी फेडावे? ठेवलेली रक्कम उरलेल्या कर्जाइतकी झाली, ती बाजूला काढूनही सहा महिन्यांचा खर्च हाताशी राहतो आणि मुलांचे शिक्षण, दुरुस्ती असा मोठा खर्च जवळ नाही, तेव्हा. निवृत्ती दोन वर्षांवर असेल तरही फेडा. उलट नोकरी डळमळीत असेल तर शेवटचे चार-पाच लाख फेडायची घाई करू नका. एकदा बंद केलेली ही सोय परत मिळवायला नवे कर्ज, नवी प्रक्रिया आणि पगाराचा पुरावा लागतो.

फेडताना त्या तारखेपर्यंतच्या व्याजासह लेखी आकडा घ्या आणि भरल्यावर ना-देय दाखला घ्या. मंजुरीच्या वेळची कागदपत्रांची यादी हातात धरून करारनामा, सूची क्रमांक २ (दस्त नोंदणीचा उतारा) आणि सोसायटीचे भागप्रमाणपत्र पानोपान मोजून घ्या. पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत दिले नाहीत आणि चूक बँकेची असेल, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, हा रिझर्व्ह बँकेचा १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे. सोसायटीच्या दप्तरातली बँकेची नोंद काढून घ्या. सातबाऱ्यावर इतर हक्कांत बोजा असेल तर तलाठ्याकडे दाखल्यासह अर्ज द्या आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून बोजा खरोखर गेला का ते पाहा.