बीएसए काढताना सूत्र नव्हे, एककं चुकतात

बीएसए म्हणजे शरीराचं पृष्ठफळ, चौरस मीटरमध्ये. केमोथेरपीच्या बऱ्याच औषधांचे डोस ‘मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर’ असे ठरलेले असतात, तिथे हा आकडा लागतो.

उंची-वजन प्रत्यक्ष मोजा. रुग्णाने तोंडी सांगितलेली उंची धरू नका. पादत्राणं आणि जाड कपडे काढायला लावा. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून मोजतात.

मोस्टेलरचं सूत्र (1987) कागदावरही जमतं: सेंटिमीटरमधली उंची गुणिले किलोमधलं वजन, भागिले 3600, मग वर्गमूळ. 165 सेंमी आणि 62 किलो असतील तर 165 × 62 = 10230; भागिले 3600 = 2.84, वर्गमूळ 1.69 चौमी. 1916 च्या ड्युबॉइस सूत्राने हेच 1.68 येतं. सूत्र कुठलंही वापरा, पण एकाच रुग्णासाठी मध्येच बदलू नका.

उत्तर 2.84 आलं तर वर्गमूळ राहिलंय. 0.17 आलं तर उंची मीटरमध्ये टाकलीय. अशा वेळी उत्तर बरोबर दहापट लहान येतं. या दोन्ही चुका निदान डोळ्यांत खुपतात. लपून राहते ती फूट-इंचांची: 5 फूट 5 इंच म्हणजे 5.5 फूट नव्हे. पहिलं 165 सेंमी, दुसरं जवळजवळ 168. मोठ्या माणसाचा बीएसए साधारण 1.5 ते 2.2 च्या दरम्यान असतो, नवजात बाळाचा 0.2 च्या आसपास. एवढं लक्षात असलं की ढोबळ चूक लगेच पकडता येते.

डोस 75 मिग्रॅ प्रति चौमी असेल तर 75 × 1.69 = सुमारे 127 मिग्रॅ. दशांश शेवटीच छाटा, आधीच 1.69 चे 2 केले तर डोस 150 होतो! हिशेब दुसऱ्या व्यक्तीने पहिल्याचं उत्तर न बघता पुन्हा करावा.

प्रत्येक सायकलआधी, म्हणजे केमोच्या दर फेरीआधी, वजन घ्या. वर्गमूळामुळे वजन 10 टक्के बदललं तरी बीएसए सुमारे 5 टक्केच हलतो. पोटात पाणी किंवा अंगावर सूज असेल तर काटा फसवतो. कोणतं वजन धरायचं ते डॉक्टरांना विचारा. लठ्ठ रुग्णात मात्र ‘आदर्श’ वजन धरून डोस आपल्या मनाने कमी करू नका, कारण तो अपुरा पडू शकतो.

कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधाला हा हिशेब सहसा लावत नाहीत. त्याचा डोस किडनीच्या गाळण्याच्या वेगावरून, कॅल्व्हर्टच्या सूत्राने काढतात.