मधमाश्यांना नुसतं साखरपाणी? या चुका टाळा

पावसाची झड लागली, माश्या पेटीतच अडकल्या, की आपण साखरपाणी ठेवतो आणि निर्धास्त होतो. विदर्भात मधपेट्या खचतात त्या बऱ्याचदा इथेच. साखरपाणी फक्त मकरंदाची उणीव भरतं, म्हणजे उडायला आणि पेटी उबदार ठेवायला ताकद देतं. अळीचं अंग भरतं ते परागातल्या प्रथिनांनी. कामकरी माश्या पराग मधात कालवून कोठड्यांत दाबतात, तिथे तो आंबतो. तो खाऊन दाई माश्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींत दूध तयार होतं आणि ते अळ्यांना, राणीला मिळतं. पराग संपला की दूध आटतं, राणी अंडी कमी घालते आणि फार तंगी झाली तर माश्या स्वतःच्याच अळ्या खाऊन टाकतात. म्हणून विरळ पिलावा (पोळ्यातली अंडी, अळ्या, कोष) पाहून लगेच औषध शोधू नका.

आधी पेटीतली पोळ्याची चौकट उजेडात धरा. लहान अळी पांढऱ्या दुधात तरंगत असेल तर पोषण ठीक आहे. ती कोरड्या तळावर पडली असेल आणि पिलाव्याभोवती पिवळा-केशरी परागाचा पट्टाही नसेल, तर पराग कमी पडतोय. अशा वेळी तेल काढलेल्या, भाजलेल्या सोयाबीनचं पीठ साखरेच्या पाकात मळून त्याची छोटी चकती पिलाव्याच्या चौकटींवर ठेवा. कच्चं पीठ नको, त्यातले घटक प्रथिनांचं पचन अडवतात. गूळही नको, माश्यांना हगवण लागते. बाजारातला मध तर मुळीच घालू नका, त्यातून पिलाव्याचे रोग येतात.

चारही बाजूंनी एकच पीक असणं हीसुद्धा उपासमारच. माशीला 10 आवश्यक अमिनो आम्लं लागतात आणि ती सगळी पुरेशी एकाच फुलात क्वचित मिळतात. मक्याचा पराग ढिगाने येतो, पण कसाला कमी पडतो. म्हणून वावराच्या कडेने खरिपात तीळ पेरा, रब्बीत मोहरी, धने, जवस. धुऱ्यावरची बोर, बाभूळ, करंज तोडू नका. माझ्या मते पेटीवरच्या खर्चापेक्षा ही झाडं जास्त कामाची आहेत.

तूर किंवा संत्र्याचा आंबिया बहर (हिवाळ्याच्या शेवटी येणारा फुलोरा) फुलावर असताना फवारा टाळाच. अगदीच गरज पडली तर दिवस मावळल्यावर, माश्या पेटीत परतल्यावर करा. विषारी पराग कोठड्यांत साठून राहतो आणि फवारणीनंतर बऱ्याच दिवसांनीही दाई माश्यांच्या पोटात जातो.